अकरा वेळा तोच खर्ज : कॉलेजातला संगीत-रसग्रहणाचा वर्ग

शिशिरातली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स (म्हणजे कला-विज्ञानाचे सगळे विषय एकत्र शिकवणाऱ्या) कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय अर्थशास्त्र. इथे पदवीसाठी आपल्या विषयाबाहेरचे काही कोर्स घ्यावेच लागतात, त्यातला एक कलेचा. माझ्या वेळापत्रकात बसत होता म्हणून मी पाश्चात्त्य संगीताचा इतिहास आणि रसग्रहण घेतला. फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "बरं झालं, सोपा असेल." मलाही तसंच वाटलं होतं. सांगलीत असताना गाण्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे आपल्याला कान आहे असा माझा पक्का समज होता.

दुसऱ्या आठवड्यात तो गेला.

वर्गात आम्ही अठराजण, एका मोठ्या टेबलाभोवती बसतो. बाई स्वतः चेलो वाजवतात, म्हणजे मोठं, खर्जातलं व्हायोलिनच. त्यांनी हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या 'डायडो अँड ईनियस' या ऑपेरातलं (संगीतनाटकातलं) शेवटाकडचं एक गाणं लावलं. ही ऑपेरा १६८९ च्या सुमाराला लंडनजवळ चेल्सीत मुलींच्या एका शाळेत झाली होती. राणी डायडो मरणाआधी गाते ते हे गाणं. बाई म्हणाल्या, राणीकडे लक्ष देऊ नका. खाली खर्जात एक ओळ वाजते आहे, ती जितक्या वेळा पहिल्यापासून सुरू होईल तितक्या रेघा कागदावर मारा.

चार मिनिटांचं गाणं. माझ्या नऊ रेघा झाल्या. शेजारच्या मुलाच्या तेरा. उत्तर होतं अकरा, आणि वर्गात एकाचंही बरोबर आलं नाही. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा माझ्या दहा झाल्या. मी कुठे चुकत होते ते तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. गाणारीचा आवाज चढला की माझा कान तिच्यामागे जायचा आणि खालची ओळ हातातून सुटायची. म्हणजे इतकी वर्षं मी गाणं ऐकत होते तेव्हा फक्त सगळ्यात वरचा आवाज ऐकत होते.

मग मी ती खालची ओळ समासात सरगममध्ये लिहून पाहिली. षड्ज तिच्या पहिल्या स्वरावर धरला. तार सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम. पायरी न गाळता एकेक अर्धा स्वर खाली. मला माहीत असलेल्या एकाही रागात हे स्वर असे ओळीने उतरत नाहीत, दोन निषाद आणि दोन धैवत पाठोपाठ. लिहिताना अंगावर काटा आला. पंचमापर्यंत पोचून ओळ षड्जाला मिळते आणि लगेच पुन्हा वरून सुरू होते. तबल्याच्या सोलोला पेटीवर लहेरा, म्हणजे एकच धून पुन्हा पुन्हा, धरतात ना, तसंच. पण तबलजी लहेऱ्याच्या समेवर येऊन मिळतो. ही राणी मिळत नाही. खालची ओळ संपते तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यात असतं आणि तिचं वाक्य संपतं तेव्हा खालची ओळ पुढे निघून गेलेली असते. "मला आठव" हे शब्द ती एकाच स्वरावर, पंचमावर उभी राहून म्हणते. खाली सगळं घसरतंय आणि ती मात्र हलत नाही.

हे सगळं मला कोणी सांगितलं नसतं तर "किती सुंदर, किती उदास" एवढंच म्हणून मी पुढे गेले असते.

आता प्रश्न. मला संगीताचा इतिहास हा दुसरा मुख्य विषय म्हणून घ्यायचा आहे. अर्थशास्त्र सोडत नाहीये, पण दोन्ही घेतले तर इंटर्नशिपला वेळ कमी पडेल. घरी विरोध आहे. आईचं म्हणणं, गायला शिकलीस तर समजू शकते, गाण्याचा इतिहास शिकून काय करणार? तिला द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणी असं काही शिकलं आहे का?

लोकल_सव्वासहा

धागा आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कृष्णाकाठ

पोरी, मी मिरजेचा. चाळीस वर्षं गाणं शिकतोय, त्यातली वीस शिकवतोय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाळाला आठी पडली होती, ती लहेऱ्याच्या परिच्छेदापाशी गेली.

तुझ्या आईची शंका आपल्याकडची जुनीच आहे. गाणं गुरूच्या तोंडून यायचं, त्यात लिहायचं काय आणि इतिहास कसला. त्या विचाराला सगळ्यात मोठा धक्का दिला तो मुंबईच्या एका वकिलाने. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, वाळकेश्वरचे. वकिली सोडून देशभर फिरले, उस्तादांच्या दारात बसले आणि जे घराबाहेर जाऊ देत नव्हते ते ऐकून, मिळवून लिहून काढलं. क्रमिक पुस्तकांतल्या बंदिशी आम्ही सगळे शिकलो, पण त्यांची 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' फार थोडे उघडतात. ती मूळ मराठीत आहे आणि सगळी प्रश्नोत्तरांत आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतात, शिष्याचं समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. तुझ्या त्या टेबलाभोवतीच्या वर्गाचं वाचताना मला तेच आठवलं.

आम्ही मात्र त्यातला प्रश्न काढून टाकला आणि उत्तर तेवढं ठेवलं. शास्त्राच्या पेपरला काय विचारतात? रागाचे वादी-संवादी लिहा, ताल दुगुणीत लिहा, पलुस्कर किंवा भातखंडे यांचं जीवनचरित्र लिहा. मुलं पाठ करतात, लिहितात, विसरतात. मी स्वतः विद्यार्थ्यांकडून ते घोकून घेतलं आहे. दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसवून "आता गंधार कुठून ऐकू येतोय सांग" असं मी किती जणांना विचारलं? खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप निघतो, कोणी न छेडता. हे ऐकायला शिकवणं म्हणजेच रसग्रहण. माझ्या गुरुजींनी मला ते शिकवलं होतं, मी पुढे दिलं नाही याची टोचणी आहे.

तुला विचारायचंय ते असं. तुमच्याकडे गायला-वाजवायला लावतात का, की नुसतंच ऐकायचं?

शिशिरातली

काका, नमस्कार. तंबोऱ्यातल्या गंधाराचं वाचून रात्री तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बसले. फोनच्या स्पीकरवर नाही ऐकू आला. हेडफोन लावल्यावर आला, अगदी पुसट.

या कोर्सला गायची सक्ती नाही. पण बाई अधूनमधून उभं करतात. मध्ययुगातलं चर्चमधलं एकसुरी गाणं शिकवताना त्यांनी आम्हाला दोन गटांत विभागलं. एका गटाने एकच स्वर लांब धरायचा, दुसऱ्याने त्यावर ओळ गायची. मी धरणाऱ्यांत होते. मला षड्ज भरण्याची सवय, त्यामुळे सोपं गेलं. बाकीच्या मुलांना आपला स्वर सोडून वरच्यांच्या मागे जाऊ नये हेच कठीण जात होतं. तिथून दोन, तीन, चार ओळी एकत्र कशा आल्या हे आम्ही आठवडाभर पाहिलं.

परीक्षेत अनोळखी तुकडा अर्धा मिनिट वाजवतात. कुणाचा हे नाही ओळखायचं. साधारण कधीचा, कुठला आणि तसं का वाटतं, हे लिहायचं. गुण "का"ला. शिवाय सत्रात तीन मैफिली प्रत्यक्ष ऐकून त्यावर लिहायचं.

दोन_मुलांची_आई

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नकोस. माझी मुलगी बारावीला आहे आणि आमच्या घरी हाच वाद चालू आहे, फक्त विषय तत्त्वज्ञान आहे. तिकडच्या कॉलेजांची फी आपण रुपयांत मोजतो तेव्हा आईबापाचं सगळं आयुष्य त्यात असतं. तुझी आई "काय करणार" असं विचारते तेव्हा ती संगीताला कमी लेखत नसते. ती घाबरलेली असते. तिला पर्सेलचं सांगू नकोस. पुढची दोन वर्षं कशी जातील आणि कर्ज असेल तर ते कसं फिटेल, ते कागदावर मांडून दाखव. मग गाणं ऐकव.

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षं अशाच एका कॉलेजात संगीत विभागात शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. (आईंचा वरचा प्रतिसाद शंभर टक्के पटला. माझ्या विद्यार्थ्यांना मीही तेच सांगतो.)

आधी एक व्यवहाराची गोष्ट. वादक-गायक होण्यासाठीची पदवी वेगळी आणि लिबरल आर्ट्समधला संगीताचा अभ्यास वेगळा. ओबर्लिन कॉलेजसारख्या ठिकाणी दोन्ही शेजारी नांदतात. तिथली कॉन्झर्व्हेटरी (वादक-गायक घडवणारी संगीतशाळा) १८६५ पासूनची आहे, आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या घेता येतात. पण बहुतेक ठिकाणी संगीताचा इतिहास शिकणारी मुलं पुढे वादक होत नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर १९४७ पासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगीताचा कोर्स सक्तीचा आहे, मग तो पुढे डॉक्टर होवो की वकील. त्यामागची समजूत अशी की ऐकता येणं हे वाचता येण्यासारखंच आहे.

आता इतिहासाबद्दल. आपल्याला वाटतं की बाख हा जर्मन संगीतकार थोर होता म्हणून तो पुस्तकात आहे. पण बाख १७५० मध्ये वारला आणि त्याच्या मोठ्या रचना सार्वजनिक मैफिलीतून जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याचं सेंट मॅथ्यू पॅशन १८२९ मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा उभं केलं ते वीस वर्षांच्या मेंडेलसन या संगीतकाराने. कोणीतरी हस्तलिखित जपलं, कोणीतरी गायकांना तयार केलं, म्हणून ते आज आहे. आणि ज्यांच्यासाठी कोणी मेंडेलसन आला नाही? फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकार बाईंची सिंफनी १९३३ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवली होती. त्यानंतर त्या विस्मरणात गेल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. एका वेळी छपरातून पाणी जास्त गळलं असतं तर ते संगीत गेलं असतं. संगीताचा इतिहास म्हणजे हे शिकणं : काय उरलं, कोणी उरवलं आणि काय गेलं.

माझ्या वर्गात मी पहिल्या तासाला व्हॉयेजर यानावरची सोन्याची तबकडी घेतो. १९७७ मध्ये दोन्ही यानं सुटली तेव्हा त्यांवर पृथ्वीवरचे संगीताचे २७ तुकडे पाठवले. मुलांना यादी देतो आणि विचारतो, ही कोणी निवडली असेल? बाख तीनदा आहे, बेथोवन दोनदा. मोझार्ट, स्ट्राविन्स्की, लुई आर्मस्ट्राँग, जावाचा गॅमेलान वाद्यवृंद. आणि हिंदुस्थानी संगीताचा एकच तुकडा, साडेतीन मिनिटांची भैरवी : "जात कहाँ हो". केसरबाई केरकर.

ही निवड कुठून आली हे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. तिची शिफारस केली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. या माणसाने १९६० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या वेस्लियन या लिबरल आर्ट्स विद्यापीठात जगभरच्या संगीताचा अभ्यासक्रम उभा केला. मृदंग वाजवणारे टी. रंगनाथन आणि त्यांचे बासरीवादक भाऊ टी. विश्वनाथन तिथे शिकवत. नृत्यांगना बालसरस्वती यांचे हे सख्खे भाऊ. अमेरिकेतल्या छोट्या गावातली मुलं त्यांच्यासमोर मांडी घालून तालाची बोटं मोजत. तेव्हा एका कॉलेजातल्या माणसाने कान लावून ऐकलं, म्हणून गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या बाईंचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. आईला द्यायचं उत्तर हे नाही, मला ठाऊक आहे. पण मला स्वतःला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.

माडांची_राई

केसरबाईंचं नाव निघालं म्हणून लिहायला बसले. मी गोव्याची. आमच्याकडे दोन संगीतं शेजारी वाढली आणि दोन्हींचा इतिहास शाळेत आम्हाला कोणी शिकवला नाही.

एक देवळाचं. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. दोघीही देवळाच्या सेवेत गाणाऱ्या कलावंत समाजातल्या, दोघीही पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात जोती, वाटा, देऊळ वर येतं आणि जुने गावकरी तिथे जातात. मी दोनदा गेले आहे. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात आणि त्यातून घरांचे उंबरे दिसतात. किशोरीताई आमोणकर ज्यांच्याकडून शिकल्या त्या बाईंचं गाव वर्षातून काही आठवडेच पाण्याबाहेर असतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिशीत होते.

दुसरं चर्चचं. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम), व्हायोलिन, पाच रेघांवरचं लेखन शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली, हॉटेलांच्या बँडांत वाजवू लागली आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत. चाल बांधणाऱ्या पुष्कळ संगीतकारांना ते लेखन येत नसे. चाल ऐकून पन्नास वादकांसाठी कागद लिहिणारे आमचे लोक होते. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी रचलेली व्हायोलिनची ओळ सगळ्या देशाला पाठ आहे.

शिशिरातली, तू खालची ओळ ऐकायला शिकलीस म्हणालीस. जुनं कुठलंही हिंदी गाणं लाव आणि गायकाच्या मागे व्हायोलिनं काय करतात तेवढंच ऐक. तो आमच्या माणसांचा इतिहास आहे आणि तो अजून नीट लिहिलेला नाही. हा विषय घे. तुझ्यासारखी दोन्ही लिपी वाचणारी माणसं फार थोडी आहेत.

कृष्णाकाठ

माडांची राई, दंडवत. हे सगळं माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

शिशिरातली

दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचतेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

@दूरदेशी, आमच्याही वर्गात ती तबकडी झाली! पण शेवटच्या आठवड्यात. आमच्या पाठ्यपुस्तकात भारताला एक पान आहे, सतारीच्या फोटोसकट, आणि त्यात मराठी किंवा गोव्याचं कोणीही नाही. यादीत केसरबाईंचं नाव आलं तेव्हा मी हात वर केला. आमच्या घरी आजीकडे त्यांची भैरवी होती, कॅसेटवर. आजी स्वयंपाक झाल्यावर, ओटा पुसून, मगच ती लावायची, आणि आम्ही पोरं मध्ये बोललो तर हाताने गप्प करायची. एवढंच मी सांगितलं. बाई म्हणाल्या, मग तूच आम्हाला ऐकव, काय ऐकायचं ते सांग.

मी लावलं. काय सांगावं ते आधी कळेना. शेवटी म्हटलं, मागे तंबोरा आहे, तो पाया. पर्सेलचा पाया सरकत होता, हा सरकत नाही. इथे सगळी हालचाल वर आहे. कोमल रिषभाकडे लक्ष द्या, प्रत्येक वेळी तो षड्जाला किती चिकटून येतो बघा. अठराजण साडेतीन मिनिटं हलले नाहीत. मग चेलो वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, ही सम कुठे आहे? आणि मी त्यांना हातावर मोजून दाखवली.

@दोन_मुलांची_आई, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. काल आईबरोबर दीड तास कागद घेऊन बसले. उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची, अर्थशास्त्राचे दोन विषय पुढच्या सत्रात उरकायचे, जास्तीची फी काही लागत नाही, हे सगळं मांडलं. आई लगेच हो म्हणाली नाही. पण शेवटी म्हणाली, आजीची ती कॅसेट अजून माळ्यावर आहे, पावसाळ्याआधी काढून बघते चालते का.

@माडांची_राई, मी डिसेंबरात येतेय. स्टुडिओत वाजवलेल्या कुणा वृद्ध वादकांशी बोलता येईल का? त्यांची हरकत नसेल तर ध्वनिमुद्रण करायचं आहे. आमच्या विभागात अशा कामाला थोडे पैसे मिळतात, प्रवासखर्च निघेल.

माडांची_राई

नक्की ये. दोघे डोळ्यासमोर आहेत, विचारून ठेवते. एकांचं वय झालंय, सकाळी बोलायला बरे असतात. जुने कागद कुणाकडे उरले असतील तर तेही शोधू.

कृष्णाकाठ

सांगलीला आलीस की मिरजेला ये. तंबोरा लावून ठेवतो. फोनवर नाही ऐकायचा तो गंधार.

लोकल_सव्वासहा

मला गाण्यातलं काही कळत नाही. डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये असतो, तेव्हा कानात काहीतरी चालू असतं. धागा वाचून वाटलं की आपणही ते खालच्या ओळीचं करून बघावं. काल जाताना तीनदा आणि येताना दोनदा ऐकलं. बोटांच्या पेरांवर मोजत होतो. दहाच भरतायत. गाणं सुरू व्हायच्या आधी ती ओळ एकटीच वाजते, ती धरायची का?

शिशिरातली

हो दादा. तीच पहिली.